रोजगाराची हमी आणि विकासाचा अनुशेष

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची एक कपात असते. तिचे नाव व्यवसाय कर. वर्षाचे २,५०० रुपये ही राज्यघटनेने घालून दिलेली कमाल मर्यादा, म्हणून हिशेब असा जुळवलेला आहे. हा कर का सुरू झाला, हे तो भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९७५ मध्ये महाराष्ट्राने तो बसवला तो ग्रामीण भागात काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला काम देता यावे म्हणून. त्याच्या जोडीला विक्रीकर आणि मोटार वाहन करावर अधिभार आला, बागायती जमिनीवर विशेष आकारणी आली, शहरांतल्या बिगरनिवासी जागांवर कर आला. आणि या सगळ्यातून जितकी रक्कम जमेल तितकीच सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगाराचा एक अंश सांगोल्याच्या किंवा आष्टीच्या माळरानावर बांध घालणाऱ्या बाईच्या मजुरीशी कायद्याने जोडला गेला. सर्वांना काम मिळेल आणि राज्याचे सगळे भाग एकत्र पुढे जातील हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे का, या प्रश्नावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. महाराष्ट्राकडे त्यावर पन्नास वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आहे. या अनुभवाला दोन बाजू आहेत आणि त्या शेजारी ठेवून क्वचितच पाहिल्या जातात: एक रोजगार हमीची, दुसरी प्रादेशिक अनुशेषाची, म्हणजे मागास भागांच्या विकासात साचलेल्या तुटीची.

कर्तव्य मान्य करणे फारसे कठीण नसते. अमेरिकेत १९४५ साली संसदेपुढे आलेल्या विधेयकाचे नावच पूर्ण रोजगार विधेयक होते. काम करू शकणाऱ्या प्रत्येकाला कामाचा हक्क आहे, असे त्यात म्हटले होते. १९४६ मध्ये कायदा होईपर्यंत हक्क गळाला, ‘पूर्ण’ हा शब्दही गळाला, आणि उरले ते सरकारने जास्तीत जास्त रोजगारासाठी प्रयत्न करावेत हे धोरण आणि अध्यक्षांना सल्ला देणारे अर्थतज्ज्ञांचे मंडळ. पुढे ऑगस्टस हॉकिन्स आणि ह्यूबर्ट हम्फ्री या संसद सदस्यांनी पुन्हा नेट लावला. हॉकिन्स यांच्या मूळ मसुद्यात काम न मिळालेल्या माणसाला न्यायालयात जाण्याची सोय होती. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केली त्या ‘पूर्ण रोजगार आणि संतुलित वाढ’ कायद्यात ती उरली नाही. त्याऐवजी आले एक लक्ष्य: १९८३ पर्यंत बेरोजगारी ४ टक्क्यांवर आणायची. १९८२ च्या अखेरीस तिथली बेरोजगारी १०.८ टक्के होती. लक्ष्य हुकले म्हणून कोणाला जाब द्यावा लागला नाही, कारण जाब विचारण्याचा अधिकार कायद्याने कोणालाच दिलेला नव्हता. आपल्या राज्यघटनेचे अनुच्छेद ४१ कामाच्या हक्काबद्दल बोलते, तेही राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आणि अनुच्छेद ३७ सांगते की ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत. दोन्ही देशांत हेतू लिहून ठेवलेला आहे, पण तो वसूल करण्याची वाट ठेवलेली नाही.

महाराष्ट्राने ही वाट बांधली आणि तिचे बरेचसे श्रेय वि. स. पागे यांना जाते. पागे विधान परिषदेचे सभापती होते, वृत्तीने गांधीवादी, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याशी घट्ट बांधलेले. १९६५ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने त्या तालुक्यात एक लहान प्रयोग झाला: गावात ज्याला काम हवे त्याला जमीन सुधारण्याचे, पाणी अडवण्याचे काम द्यायचे, आणि कोण पात्र आहे याची चाळणी लावायची नाही. उन्हात माती उपसायला जो तयार आहे त्याची गरज तपासायला वेगळा दाखला लागत नाही, हा त्यामागचा विचार. १९७२ मध्ये वसंतराव नाईक यांच्या सरकारने ही योजना राज्यासाठी जाहीर केली, आणि लगोलग दुष्काळ कोसळला. पुढची दोन वर्षे हमी योजनेची जागा दुष्काळी कामांनी घेतली. मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी ही कामे. त्या दुष्काळात पिके जवळजवळ नाहीशी झाली, तरी मोठ्या प्रमाणावरचे भूकबळी टळले. जगभरच्या अभ्यासकांनी पुढे या अनुभवाकडे लक्ष दिले ते यामुळे. पण दुष्काळी काम ही सरकारची मर्जी असते. टंचाई जाहीर करायची की नाही, कधी करायची, कोणत्या तालुक्यात करायची हे सगळे वरून ठरते. डाव्या पक्षांच्या आणि शेतमजूर संघटनांच्या मोर्चांनी आग्रह धरला तो ही मर्जी संपवण्याचा. १९७७ चा रोजगार हमी कायदा विधिमंडळाने एकमताने केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या कायद्याची ताकद त्याच्या रचनेत आहे. माणसाने कामाची मागणी लेखी करायची, नमुना ४ वर. तिची पोच घ्यायची. पोच मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. सुरुवातीला हा भत्ता दिवसाला निदान १ रुपया इतका किरकोळ होता, तरी रकमेपेक्षा त्यामागचे तत्त्व मोठे होते. काम न दिल्याचा दोष प्रथमच सरकारच्या खात्यावर पडला, आणि तोही तारखेसह. निधी वेगळा आणि त्याचे कर वेगळे, त्यामुळे ‘यंदा तरतूद नाही’ हे उत्तर देण्याची सोय उरली नाही. १९७९-८० मध्ये या योजनेवर वीस कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम झाले. मजुरांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, कारण काम गावाजवळ मिळत होते आणि मोजमापावरची मजुरी पुरुषाला एक, बाईला दुसरी अशी नव्हती. आसपासच्या शेतमालकांनाही मजुरीचे दर त्याकडे बघून ठरवावे लागले. हमी योजनेवर जे प्रत्यक्ष गेले नाहीत, त्यांच्याही हातात यामुळे थोडे अधिक पडले.

पुढची कथा इतकी सरळ नाही. १९८८ मध्ये हमी योजनेची मजुरी किमान वेतनाच्या पातळीला आणली गेली. मजुराच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. पण खर्च वाढताच यंत्रणेने हात आखडला आणि काही वर्षांत मनुष्यदिवस निम्म्याहून खाली आले. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की मजुरी वाढल्यावर कामाचे रेशनिंग सुरू झाले, म्हणजे हमी कागदावर राहिली आणि मागणाऱ्यांपैकी काहींनाच काम मिळू लागले. हे रेशनिंग उघड आदेशाने होत नाही. मागणीचा अर्ज घेतला जातो पण पोच दिली जात नाही, आणि पोच नाही म्हणजे पंधरा दिवसांचे घड्याळ सुरूच होत नाही. नवे काम काढायला किमान ५० मजूर हवेत हा जुना नियम दहा घरांच्या पाड्याला आपोआप बाहेर ठेवत असे. मंजूर कामे शेल्फवर असतात, पण तहसीलदार आणि काम करणारे खाते यांच्यात फाइल फिरत राहते. बोगस हजेरीपट, न झालेल्या कामांची बिले हे दुखणेही खरे आहे, आणि ते झाकून या योजनेची बाजू मांडणे योग्य होणार नाही. मात्र दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच आहे: मजूर एकटा आणि असंघटित असेल तिथे कायद्याने दिलेला हक्क त्याच्यापर्यंत पोचत नाही. जिथे संघटना होती, तिथे पोच मागितली गेली आणि हजेरीपट गावासमोर वाचलेही गेले.

महाराष्ट्राच्या या अनुभवावर पुढे २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा उभा राहिला. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरू झालेली ती योजना २००८ मध्ये देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत गेली. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राकडे आणि भत्त्याचा बोजा राज्याकडे, अशी तिची आखणी होती. काम देण्यात राज्याचा फायदा आणि न देण्यात तोटा राहावा, हा त्यातला सूज्ञपणा. हमी मात्र कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांवर आली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात अशी मर्यादा नव्हती, म्हणून १०० दिवसांपुढचे काम राज्याने स्वतःच्या खर्चाने द्यायचे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ झाले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला आणि कोणत्या राज्याला किती निधी मिळेल हे केंद्राने आधी ठरवायचे, अशी व्यवस्था आली. यातला दिवसांचा आकडा मला दुय्यम वाटतो. निधी आधी ठरला की मागणीला त्या निधीत बसावे लागते. पागे यांची कल्पना याच्या नेमकी उलट होती: मागणी येईल तितका निधी उभा करायचा, आणि त्यासाठी शहरांवर कर बसवायचा धीर दाखवायचा.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की रोजगार उद्योग देतात, सरकारने उद्योगांना वाट करून द्यावी आणि माती उपसण्यात पैसे घालू नयेत. महाराष्ट्राइतके या आक्षेपाला उत्तर देणारे राज्य दुसरे नसेल. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे, मागास भागांत कारखाने काढणाऱ्यांना सवलती देणारी सामुदायिक प्रोत्साहन योजना १९६४ ची. देशातले आघाडीचे औद्योगिक राज्य म्हणून आपण मिरवत आलो. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक शेतकरी किंवा शेतमजूर म्हणूनच नोंदले गेले, आणि राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा एक अष्टमांशाच्या जवळपास घुटमळतो. उद्योग वाढले हे खरे आहे, पण ते जिथे वाढले तिथे ही माणसे नव्हती आणि ज्या कौशल्यावर वाढले ते या माणसांकडे नव्हते. दुसरा आक्षेप शेतकऱ्यांकडून येतो: हमीमुळे ऐन सुगीत मजूर मिळत नाहीत. हंगामात हमीची कामे आवरती घेण्याची सोय मूळ योजनेत होतीच. त्यापलीकडे मजूर मिळत नाही याचा अर्थ पुष्कळदा जुन्या दरात मजूर मिळत नाही, इतकाच असतो. लहान शेतकऱ्याला वाढीव मजुरी परवडत नाही हे खरे. पण त्याचा उपाय त्याच्या मालाच्या भावात शोधायला हवा. त्याच्याहून गरीब असलेल्या शेजारणीची उपासमार हा उपाय होऊ शकत नाही. तिसरा आक्षेप, की ही कामे वाया जातात, अर्धा बरोबर आहे. पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते गावोगाव आहेत. पण १९९० मध्ये फळबाग लागवड हमी योजनेशी जोडली गेली, तेव्हा कोकणात आंबा-काजू आणि पठारावर डाळिंब, सीताफळ यांच्या बागा उभ्या राहिल्या. विहिरी झाल्या, पाझर तलावांखालच्या शिवारात दुसरे पीक आले. काम निवडताना गावाला विचारले आणि देखभालीची जबाबदारी कोणावर तरी टाकली, तर माती हलवण्यातून मालमत्ता होते. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे: ही हमी अंगमेहनतीची आहे. पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलांसाठी तिच्यात काहीही नाही, आणि त्यांची संख्या पाहता ही मोठी उणीव आहे.

आता दुसरी बाजू, समतोल विकासाची. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे वचन दिले. १९५६ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ मध्ये विकास मंडळांची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद आली. मग जवळजवळ तीन दशके काहीच घडले नाही. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य, वीज, पिण्याचे पाणी अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे तिने मोजले आणि ती तूट भरायला किती पैसे लागतील ते काढले. १९८४ च्या अहवालानुसार ही रक्कम सुमारे ३,१८७ कोटी रुपये होती. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के. सर्वांत मोठी तूट सिंचनाची. विषमता इतक्या काटेकोरपणे मोजण्याचे हे काम देशात फार थोड्या ठिकाणी झाले आहे, आणि दांडेकरांचा हा वारसा महाराष्ट्राने अभिमानाने सांगावा असा आहे. सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही, तरी अनुशेषाच्या नावाने पैसे ठेवायला सुरुवात केली. १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळे आली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली, तेव्हा आकडा १४,००० कोटींच्या वर गेला होता. २०१३ मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. चाळीस वर्षांत मोजणारे उत्तम मिळाले, आकडे मिळाले, राज्यपालांचे निर्देशही मिळाले. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा यांचा सिंचनाचा अनुशेष मात्र वर्षानुवर्षे तसाच राहिला, कारण ठेवलेला पैसा वेळेत खर्च झाला नाही किंवा दुसरीकडे वळला.

हे असे का झाले याचे नेहमीचे उत्तर राजकीय इच्छाशक्तीचा अभाव हे असते आणि त्याने काहीच उलगडत नाही. इच्छाशक्ती रोजगार हमीच्या बाबतीतही वर-खाली होत राहिली. पण तिथे गावातली एखादी बाई नमुना ४ घेऊन उभी राहू शकत होती. अनुशेषाच्या बाबतीत उभे राहणार कोण? दांडेकरांच्या हिशेबात तूट जिल्ह्याची आहे, आणि जिल्हा अर्ज करत नाही. आमदार मागतो, तो अधिवेशनापुरता. मंडळ शिफारस करते, राज्यपाल निर्देश देतात, खाते ‘कार्यवाही सुरू आहे’ असे कळवते, आणि या साखळीत मुदत चुकली म्हणून भरपाई देण्याचा प्रसंग कोणावरही येत नाही. शिवाय जिल्हा हे एकक धरले की माण, खटाव, जत, आटपाडी यांसारखे कोरडे तालुके ‘उर्वरित महाराष्ट्रा’च्या सरासरीत बुडून जातात. तिथल्या माणसाच्या पदरी ना मागास विभागाचा शिक्का, ना पाणी.

या दोन बाजू जिथे एकमेकींना भिडतात ती जागा बीड जिल्ह्यात दिसते. दसरा उलटला की तिथली लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आधी उचल देतो. मग पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडात राबून ती फेडायची. मुलांची शाळा मध्येच सुटते. कायद्याप्रमाणे याच माणसांना याच महिन्यांत गावात काम मागण्याचा हक्क आहे. ते मागत नाहीत, कारण हमीची मजुरी काम झाल्यावर, बऱ्याचदा फार उशिरा येते आणि मुकादमाची उचल लग्नाला, दवाखान्याला, घरबांधणीला आजच लागते. आणि गावात पाणी नाही म्हणून रब्बी नाही, रब्बी नाही म्हणून हिवाळ्यात दुसरे काम नाही. सिंचनाची तूट भरली असती तर या माणसांना हमीची गरजच कमी पडली असती. हमीची कामे नीट आखली असती तर पाणी अडवण्याचे कितीतरी काम त्याच हातांनी झाले असते. सरकारी व्यवस्थेत मात्र रोजगार हमी एका खात्याकडे, सिंचन दुसऱ्याकडे, आणि अनुशेषाचा हिशेब नियोजन विभागाच्या कपाटात.

समतोल विकासालाही कायद्याचे बळ द्यावे, असे म्हटले की दोन शंका हमखास निघतात. एक, मुंबई-पुण्यासारखी शहरे एकवटल्यामुळेच संपत्ती निर्माण करतात. त्यांचा पैसा विखुरला तर सगळेच गरीब होतील. शहरांच्या एकवटण्याचा लाभ खरा आहे आणि कारखाने ओढून दुर्गम तालुक्यात नेण्याचे प्रयोग बहुधा फसतात. पण अनुशेषाची नऊ क्षेत्रे पाहिली तर त्यांत कारखाना नाहीच. शाळा, दवाखाना, रस्ता आणि पाणी सर्वत्र सारखे असावे इतकीच ती मागणी आहे, आणि तिने मुंबईचे काही बिघडत नाही. उलट चांगली शाळा मिळालेला मुलगा मुंबईला आला तर तो हमाली करायला येत नाही. दुसरी शंका न्यायालयांबद्दल: अर्थसंकल्प न्यायाधीशांनी ठरवायचा का? ही शंका गंभीर आहे. पण रोजगार हमीतही न्यायाधीश कामे निवडत नाहीत. मागणी नोंदली का, मुदतीत दिले का, न दिल्यास भत्ता दिला का, एवढेच ते पाहू शकतात. तितकीच चौकट इथेही पुरेल.

अशा कायद्यासाठी नव्याने फार काही शोधावे लागणार नाही. तूट तालुकानिहाय मोजून दरवर्षी जाहीर करायची. शाळेची खोली, आरोग्य उपकेंद्र, बारमाही रस्ता, पिण्याचे पाणी यांची मागणी ग्रामसभेला ठराव करून नोंदवता यावी आणि तहसील कार्यालयाने तिची पोच द्यावी. प्रत्येक प्रकाराला मुदत असावी; ती चुकली तर ठरावीक रक्कम त्या खात्याच्या तरतुदीतून कापून थेट ग्रामपंचायतीला मिळावी. सिंचनासारखी मोठी कामे एका गावाच्या ठरावाने होणार नाहीत, पण तिथेही अनुशेषाचा पैसा दुसऱ्या विभागाकडे वळवायला विधिमंडळाची उघड मंजुरी आवश्यक करता येईल. आणि निधीसाठी व्यवसाय कर आहेच. ज्या कामासाठी तो बसवला त्याचा मोठा खर्च २००६ नंतर केंद्राने उचलला, तरी कपात थांबलेली नाही. ती थांबवावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. या करातून दरवर्षी किती जमा झाले आणि त्यातले किती कोणत्या तालुक्यात खर्च झाले, हे पगारपत्रकावर नाव असलेल्या प्रत्येकाला आणि नमुना ४ भरणाऱ्या प्रत्येकाला एकाच तक्त्यात पाहता यावे, ही सुरुवात येत्या अर्थसंकल्पातही होऊ शकते.